सकाळी उगम, दुपारी संगम

नाशिकरोडला जाताना नासर्डी पूल लागतो. पूल सगळ्यांना ठाऊक, नदी फारशी कुणाला नाही. तिचं कागदोपत्री नाव नंदिनी, पण रिक्षावाल्याला नासर्डीच सांगावं लागतं.

श्रावणातल्या एका रविवारी मित्राच्या गाडीवर बेळगाव ढगा हे गाव गाठलं आणि मागच्या डोंगरावर चढलो. ढग इतके खाली की अंजनेरीच्या डोंगराचा पत्ताच नव्हता. उगम बघायचा होता, पण बोट ठेवावं असं काही सापडेना. ना कुंड, ना गोमुख. आधी गवतात बूट बुडायला लागले, मग पायाखाली झुळझुळ ऐकू आली आणि शेवटी दोन कातळांमधून वीतभर रुंदीची धार दिसली. तिच्यात खेकड्याचं एक पिल्लू तिरकं उभं होतं.

"उगम इथं आहे का बाबा?" गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते इरलं सावरत हसले. "सगळा डोंगरच उगम हाये भाऊ. ह्या डोंगराच्या दंडावरून पाणी फुटतं. हिकडलं नासर्डीला, तिकडलं वालदेवीला."

पाणलोटाची याहून सोपी व्याख्या मी शाळेत ऐकली नव्हती. वालदेवीचं पाणी चेहेडीजवळ दारणेला मिळतं, दारणा पुढे गोदावरीला. म्हणजे या दंडावर वेगळे झालेले दोन थेंब नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पुन्हा एकत्र येणारच. (भाऊबंदकीत असं क्वचितच होतं.)

डोंगर सगळा बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार, म्हणून लांबून पायऱ्या दिसतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही. भेगांतून आणि मुरमातून जेवढं झिरपेल तेवढंच पुढे पाझरतं, बाकीचं धावत सुटतं. त्यामुळे नासर्डी पावसाळ्यात तासाभरात फुगते, तशीच ओसरते आणि उन्हाळ्यात तिच्याकडे स्वतःचं असं पाणी फारसं उरत नाही. त्यात पाऊसही पूर्वेकडे झपाट्यानं आटत जातो. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या घरात, तर नाशिक शहरात जेमतेम ७००.

उतरताना धारेला डावी-उजवीकडून ओहळ मिळत गेले. भाताच्या खाचरांपर्यंत पाणी नितळ होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून पुढचं सांगण्यात मजा नाही. उंटवाडीच्या पुलावर मित्रानं गाडी थांबवलीच नाही, मीही काही म्हटलं नाही.

आगर टाकळीला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इथे नंदिनी गोदावरीला मिळते. या संगमावर समर्थ रामदासांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला, असं सांगतात. मठात गोमय (शेणाच्या) मारुतीचं दर्शन घेतलं आणि काठावर आलो. पाण्यावर फेस होता, वासही होता. डोंगरावरची तांबडी माती अजून बुटांना चिकटलेली होती. ती धुवायला आम्ही नळ शोधायला निघालो.