रिमार्क : क्लॉटेड

सँपल परत मागवायचं असेल तर आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये कारण निवडावं लागतं. यादीत सहा कारणं आहेत : क्लॉटेड (रक्त गोठलं), हिमोलाइज्ड (तांबड्या पेशी फुटल्या), सँपल कमी, चुकीची ट्यूब, लेबल नाही, ट्यूब फुटली. 'हे रक्त या माणसाचं नाही' असं सातवं कारण यादीत नाही. जुलैतल्या एका बुधवारी मला नेमकं तेच हवं होतं.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये हिमॅटॉलॉजीच्या बेंचवर चौदा वर्षं आहे. त्याआधी तीन वर्षं रक्तपेढीत काढली. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो. खरं म्हणजे निम्मा दिवस बारकोड न वाचल्या जाणाऱ्या ट्यूबशी भांडण्यात जातो आणि उरलेला 'रिपोर्ट कधी मिळेल' या प्रश्नाला उत्तर देण्यात. दुपारी दोननंतर जरा श्वास मिळतो, तेव्हा मी एचपीएलसी लावते. थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी म्हणतात ती हीच.

हे माझं आवडतं मशीन आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. एका सँपलला साडेसहा मिनिटं लागतात. रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मशीन कागदावर डोंगररांग काढतं. मधला उंच सुळका ए-झिरो, म्हणजे मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन. त्याच्या उजवीकडे छोटीशी टेकडी, ती ए-टू. सगळा खेळ या टेकडीचा. ती साडेतीन टक्क्यांच्या आत असली की बहुतेक वेळा काळजी नाही, चारच्या वर गेली की बीटा थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे त्याचं एक बिघडलेलं जनुक अंगात बाळगणारा. मधला अर्धा टक्का आमचा जीव खातो. अंगात लोह कमी असेल तर टेकडी उगाच खुजी दिसते. बी-१२ कमी असेल तर जराशी फुगते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ती आपली टेकडीच नव्हे, कुणा रक्तदात्याचीही तिच्यात भर. म्हणून मी नुसता ए-टू बघत नाही, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, शेजारी ठेवते. वाहकाच्या तांबड्या पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर असतात. लोह कमी असलेल्याच्या पेशी लहानही आणि बहुधा कमीही. पेशीच्या आकाराला, म्हणजे एमसीव्हीला, पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं की माझे कान टवकारतात.

वाहकाला सगळे 'मायनर' म्हणतात आणि त्या शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा आजारानेही घातला नसेल. 'आत्ता मायनर आहे, म्हणजे पुढे मेजर होणार का?' हा प्रश्न मी शंभरदा ऐकलाय. नाही होत. वाहक माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, बऱ्याचदा त्याला कळतही नाही. प्रश्न येतो तो नवरा-बायको दोघंही वाहक असले की. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की बाळ मेजर असेल. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कधीतरी रक्त चढवायला सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर. त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध. अस्थिमज्जा जुळणारं भावंड असेल आणि पैसे असतील तर प्रत्यारोपण. रक्तपेढीत असताना मे महिन्यात, शिबिरं बंद आणि कॉलेजांना सुट्टी अशा दिवसांत, या मुलांच्या आया काउंटरशी डबा घेऊन बसलेल्या मी पाहिल्यात. त्यामुळे ही तपासणी करावी की नाही या चर्चेत मी पडत नाही. करावी. माझी अडचण त्यानंतर सुरू होते.

ती बाई पंचविशीतली, पहिलटकरीण, कळव्याच्या एका डॉक्टरांकडून आलेली. ए-टू ५.६, एमसीव्ही ६४. शंकेला जागाच नाही. अशा वेळी नवऱ्याचं सँपल लगेच मागवतात. ते आलं सहा दिवसांनी. तोवर बाईंना अकरावा आठवडा पुरा होऊन दोन दिवस झाले होते. बाहेरच्या माणसाला सहा दिवस म्हणजे काहीच नाही. पण दोघंही वाहक निघाले तर आधी दोघांच्या जनुकात नेमका कुठला बिघाड आहे ते शोधायचं असतं, मग वारेचा बारीकसा तुकडा घेऊन बाळात तो आहे का ते बघायचं. ही तपासणी अकरा ते तेरा आठवड्यांत करतात. ती हुकली की सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाची. तोवर बाळ हलायला लागायची वेळ जवळ आलेली असते आणि निर्णय घेणाऱ्या बाईचं काळीज दुप्पट जड झालेलं असतं.

नवऱ्याचा आलेख सुंदर आला. ए-टू २.६. सीबीसीही छान : हिमोग्लोबिन १५, एमसीव्ही ८८. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी. आणि ओके दाबणार तोच कोपऱ्यात डेल्टाची लाल खूण दिसली. डेल्टा म्हणजे त्याच माणसाचा आमच्याकडे जुना रिपोर्ट असेल तर मशीन तुलना करून सांगतं, फरक फार आहे, बघा. बहुतेक जण ती खूण बंद करून पुढे जातात. गर्दीच्या दिवशी मीही जाते, खोटं कशाला बोलू.

जुना रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा. नोकरीला लागताना महापेच्या एका कंपनीने केलेल्या मेडिकलचा. नाव तेच, जन्मतारीख तीच. हिमोग्लोबिन १२.१, तांबड्या पेशी ६४ लाख, एमसीव्ही ६३. भागाकार दहाच्याही खाली. आणि रिपोर्टच्या तळाशी, आम्ही नेहमी लिहितो ती ओळ : थॅलेसेमियासाठी एचपीएलसी करून घ्यावी. ही ओळ कोणी वाचत नाही. कंपनीने 'फिट' असा शिक्का मारला. नंतर कळलं की घरच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि दोन वर्षं हा माणूस अधूनमधून गोळ्या खात होता. दोनशे रुपयांच्या गोळ्यांआधी एक तपासणी लिहायला काय जातं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, गोळ्यांनी सुधारला असेल. लोहाची कमतरता असती तर एमसीव्ही वर येतो, खरं आहे. पण ६४ लाख पेशी? मला पटेना. जुन्या रिपोर्टवर रक्तगट होता, बी पॉझिटिव्ह. ट्यूबमध्ये रक्त उरलं होतं. मी टाइल घेतली, तीन थेंब टाकले, अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी. बी गट असेल तर अँटी-बीच्या थेंबात रक्त नासलेल्या दुधासारखं फाटतं. मी टाइल हलवत राहिले. डी फाटला. बी तसाच, एकसारखा लाल.

हा ओ पॉझिटिव्ह होता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना टाइल दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्तगट कोणी मागितला होता?"

"कोणी नाही."

त्या काही बोलल्या नाहीत, पण मला समजलं. न मागितलेली तपासणी करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं. आम्ही ट्रेनी मुलांना हेच शिकवतो. मग त्या म्हणाल्या, "यावरून ही दोन माणसं आहेत एवढंच कळतं. यातलं नवऱ्याचं रक्त कुठलं, ते नाही. कंपनीच्या कॅम्पात ट्यूब बदलल्या असतील तर?" मॅडमचा हा गुण मला फार आवडतो आणि त्याचाच मला रागही येतो. माझ्या डोक्यात तोवर खटला चालून शिक्षासुद्धा झाली होती.

नवीन सँपल हवं, आमच्यासमोर घेतलेलं, ओळखपत्र बघून. पण फॉर्मवर मोबाइल नंबर बायकोचा. तिला फोन करून काय सांगायचं? तुमच्या नवऱ्याच्या नावाने आलेलं रक्त त्यांचं नाही? आणि ती चूक आमची निघाली तर? मॅडमनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "क्लॉटेड टाका." मी टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं आले. पाऊस मी म्हणत होता, बाईंनी फाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरली होती. तिला बाहेर बसवलं, त्याला आत घेतलं. आधार कार्ड पाहिलं. टूर्निके बांधला, शीर चाचपली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, क्लॉट झालं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. सुई आत असताना मला खोटं बोलता येत नाही.

मग त्याने आपणच सांगितलं. बायकोचा रिपोर्ट आल्यावर त्याने कंपनीची जुनी फाइल काढली आणि तळाची ती ओळ पहिल्यांदा वाचली. पण तोवर घरात ठरून गेलं होतं की दोष सुनेच्या माहेरचा. 'आपल्यात नसतं हे, ते सिंधी लोकांत असतं,' असं आई म्हणाली होती आणि तो गप्प बसला होता. शिवाय बहिणीची सोयरीक जमत आली होती, दिवाळीनंतर साखरपुडा. भावाला आहे म्हटल्यावर तिचीही तपासणी मागणार, आणि मग गावभर होणार. आमच्या कळव्याच्या सेंटरवर, जिथे सँपल घेतात तिथे, ऑफिसमधला मित्र गेला होता, याचं नाव सांगून.

"आणि बाळ?" मी विचारलं. विचारायला नको होतं, ते माझं काम नाही.

"पंच्याहत्तर टक्के चांगलंच असतं ना ताई?"

हे वाक्य मी अजून डोक्यातून काढू शकलेले नाही. गणित चुकीचं नव्हतं. आम्हीच तर ते सांगतो, पंचवीस टक्के, पंच्याहत्तर टक्के. तो वाईट माणूसही वाटला नाही. रक्त देताना त्याचा हात थरथरत होता आणि नंतर त्याने कापूस इतका दाबून धरला की बोट पांढरं पडलं.

सिंध्यांचं म्हणाल तर त्यांच्यात वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण उल्हासनगरहून, कोपरीतून येणारी जोडपी बहुतेक वेळा लग्नाआधीच येतात आणि ए-टूचा आकडा विचारतात. 'आपल्यात नसतं' म्हणणारे येतात ते तिसऱ्या महिन्यात.

ए-टू ५.२ आला. एमसीव्ही ६४. टाइलवर बी फाटला.

मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. बाळाची तपासणी कायद्याने कशासाठी करता येते, हिमोग्लोबिनचे आजार त्यात आहेत, कुठल्या फॉर्मवर सही लागेल, बाळ मुलगा की मुलगी हे कोणीही सांगणार नाही. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन आला, आणि मोबाइल स्पीकरवर नसतानाही आम्हाला ऐकू आलं, 'ते पण कळेल का विचार.' सूनबाईंनी फोन उलटा करून ठेवला. आपल्या रिपोर्टपेक्षा नवऱ्याचा रिपोर्ट ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला होता, हे मी पाहिलं. एकटीच्या माथ्यावरचं ओझं दोघांत आलं म्हणून असेल. की आणखी काही, कुणास ठाऊक.

बहिणीलाही तपासणी करायला सांगा, असं मॅडम त्याला दोनदा म्हणाल्या. तो दोनदा 'हो' म्हणाला. त्या बहिणीला पन्नास टक्के शक्यतेने तेच जनुक असेल, आणि तिला ते माहीत नाही. मला माहीत आहे, तिचं नावसुद्धा माहीत नसलेल्या मला. तिला फोन करायचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नाही, आणि नसावाही असं मी स्वतःच इतरांना सांगत आले आहे. सायप्रसमध्ये चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी ही तपासणी केल्याचा दाखला लागतो, आणि तिथे थॅलेसेमिया मेजरचे जन्म जवळजवळ थांबले. इथे तसा नियम केला तर काय होईल ते मला दिसतं : दाखला मुलीच्या बायोडेटाला जोडला जाईल आणि मुलाच्या बाजूने कोणीतरी मित्र जाऊन रक्त देऊन येईल.

निघताना बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पहिलं सँपल खरंच खराब झालं होतं का हो? त्यातच इतके दिवस गेले."

"हो," मी म्हणाले. या वेळी हातात सुई नव्हती.

वारेचा तुकडा दुसऱ्या लॅबला जातो. पुढचं आम्हाला कळत नाही. कळवा असं सांगितलं तरी कोणी कळवत नाही, आणि का कळवावं?

महिनाअखेरीला क्वालिटीची मीटिंग झाली. कळवा सेंटरच्या नावावर क्लॉटेड सँपल चढलं होतं, म्हणून तिथल्या मुलाला पुन्हा ट्रेनिंगला बोलावलं. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरल्यावर ती आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, म्हणजे रक्त गोठत नाही, हे त्याला परत शिकवायला मलाच सांगितलं. वर्षभरापूर्वी ते मीच त्याला शिकवलं होतं. हात चांगला आहे पोराचा. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा त्याला एका टोचणीत सापडतात.

तो मुकाट्याने करून दाखवत होता. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी पण मी दहा वेळा केली होती. मोजून. मला आठवतंय."

"ओळखपत्र बघितलं होतंस?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुढची ट्यूब उचलून मोजायला लागला, एक, दोन, तीन.