सोळा गुण कुठून आले

कुंभारीच्या विडी घरकुलातून आलेली बावीस वर्षांची मुलगी, सोबत आई. चिठ्ठीवर लिहिलेलं : ‘वारंवार धडधड, पॅनिक? समुपदेशन.’ मे महिना, सोलापूरचं ऊन. मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय वर ओढून घेत होती. आई दटावत होती, “नीट बस की गं, मॅडमसमोर.”

नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. २७ पैकी १६ गुण, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. पण तिचं अंगही दुखत होतं, आणि अशा माणसाची ही बेरीज फोडून पाहावी लागते. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचाल या पाच प्रश्नांतच ११ गुण होते. रात्रभर खांदा ठणकत असेल तर ते मिळणारच. उरलेल्या चारांत उदासपणाला १, कशात रस नसण्याला १, मरणाच्या विचारांना शून्य. आणि ‘मी निकामी आहे, घरच्यांना माझ्यामुळे त्रास’ याला पूर्ण ३. तिथंच थांबून विचारलं.

“सगळ्यांना वाटतं मी सोंग करते.”

मजुरी हजार विड्यांवर. चारशेच्या आसपास तिचा अंगठा सटकायचा, ती तो ओढून बसवायची आणि पुढं वळायची. एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. घरी त्याचा अर्थ लागला की काही झालेलंच नाही. एक्स-रेत हाड दिसतं, सैल पडलेला अस्थिबंध दिसत नाही. शिवाय दवाखान्यात पोचेपर्यंत सांधा जागेवर आलेला असतो.

आई बोलता बोलता म्हणाली, “लहानपणी गल्लीत बोटं उलटी करून दाखवायची ही.” मग तपासलं. दोन्ही करंगळ्या ९० अंशांपलीकडं मागं जात होत्या, दोन्ही अंगठे मनगटाच्या आतल्या बाजूला टेकत होते, दोन्ही कोपरं मागं झुकत होती, गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर. सांधे किती सैल आहेत ते पाहणाऱ्या बेटन मोजणीत ९ पैकी ७. तिच्या वयाला ५ पुरतात. एवढ्यावर निदान होत नाही, पण हाडं-सांध्यांच्या अंगानं विचार करायला ते पुरेसं होतं.

मग धडधड. पाच मिनिटं झोपवून नाडी मोजली : ७६. उभी केल्यावर एका मिनिटाला ९८, पाचव्याला ११२, दहाव्याला ११६. रक्तदाब जवळपास तेवढाच. झोपलेल्यापेक्षा दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त वाढली आणि रक्तदाब घसरला नाही, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय घ्यायचा. पॅनिकची धडधड आडवं पडल्यावरही सुटत नाही, ही पडल्यावर ओसरते. पाय वर ओढून बसणंही त्यातलंच. पायात साचणारं रक्त वर ढकलायची शरीरानं शोधलेली युक्ती. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि हे सगळं वाढतं.

“हेच, मॅडम. भाकरी करायला उभी राहिले की हेच होतं,” ती म्हणाली. आई आकड्यांच्या कागदाकडं बघत राहिली. त्या दिवशी उपचार म्हणावा असं काही झालं असेल तर तो कागद आईच्या हातात देणं.

भीती मात्र खोटी नव्हती. वर्षानुवर्षं धडधडीला घाबरलेलं मन रांगेत उभं राहायच्या विचारानंच घाबरतं. त्यावर वेगळं काम लागतं, आणि ते ‘तुझं दुखणं खरं आहे’ हे सांगून झाल्यावरच जमतं.

फिजिशियनकडं पाठवलं. हृदयाचा इको आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का याची चौकशी आधी करायला सांगितली, कारण सांधे सैल करणाऱ्या एहलर्स-डॅनलॉस या आनुवंशिक आजाराच्या प्रकारांतला रक्तवाहिन्यांचा प्रकार जिवावर बेततो. तिचा निघाला हायपरमोबाईल, म्हणजे मुख्यतः सैल सांध्यांचा. त्याची जनुक-चाचणी नाही, २०१७ च्या निकषांवरच निदान होतं.

कामाचं असं ठरवलं : अंगठा सटकण्याची वाट पाहायची नाही. आठवडाभर वहीत नोंद, सगळ्यात वाईट दिवशी जितक्या झाल्या (२६०) तिथून सुरुवात. वीस मिनिटं वळायचं, पाच मिनिटं हात सोडायचे, घड्याळ लावून. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सातशे वळल्या की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात, आणि घरचे म्हणतात, “काल तर जमलं की.” संशय तिथूनच उगवतो. बोटांना स्प्लिंट. पॉट्ससाठी मीठ-पाणी वाढवणं फक्त फिजिशियनना विचारून.

दुसऱ्या भेटीत आईनं हलक्या आवाजात विचारलं, “स्थळाला सांगायचं का हे?” मुलीकडं पाहिलं. तिच्या होणाऱ्या प्रत्येक बाळाला हे येण्याची शक्यता निम्मी असते, हे दोघींना एकत्रच सांगितलं. कुणाला, कधी सांगायचं, ते तिनं ठरवायचं. ती म्हणाली, “आधी दादाला सांगते. त्याचा पण खांदा सटकतो.”