क्राकोव, एप्रिल 2010: रिसेप्शनवरची एक रात्र

पोलंडमध्ये 2010 साल संगीतकार शोपँचं म्हणून सुरू झालं होतं. त्याच्या जन्माला 200 वर्षं होत होती आणि देशभर कार्यक्रम ठरले होते. क्राकोवच्या जुन्या शहरातल्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनवर होतो, तिथेही त्या वर्षीच्या तयारीत शोपँचं नाव सतत निघायचं. पण आज ते साल म्हटलं की तिथल्या कुणालाही शोपँ आधी आठवत नाही. आठवतो तो 10 एप्रिल.

त्या शनिवारी मी सकाळच्या शिफ्टला होतो. नाश्त्याच्या हॉलमध्ये कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. रशियातल्या स्मोलेन्स्कजवळ दाट धुक्यात उतरताना राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांचं विमान कोसळलं होतं. आधी काही जण वाचल्याचं ऐकू आलं, मग तेही मागे घेतलं गेलं. सगळेच्या सगळे 96 जण गेले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मारिया, सैन्यदलांचे प्रमुख, मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष, खासदार, लंडनमधल्या निर्वासित सरकारचे शेवटचे अध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की. ग्दान्स्कच्या गोदीत क्रेन चालवणाऱ्या आना वालेंतिनोविचही त्यात होत्या. 1980 साली त्यांना कामावरून काढलं म्हणून जो संप पेटला, त्यातूनच सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली. नाव ऐकताच आमच्या स्वयंपाकघरातली एक बाई हातातला ट्रे तसाच ठेवून खाली बसली.

हे सगळे स्मोलेन्स्कजवळच्या कातिनला निघाले होते. 1940 च्या वसंतात स्टालिनच्या हुकमाने सोव्हिएत गुप्त पोलिसांनी जवळपास 22,000 पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यात लष्करी अधिकारी होते, पोलीस होते, आणि राखीव दलातले डॉक्टर, शिक्षक, वकीलही होते. खून नाझींनी केले, असं मॉस्को जवळपास पन्नास वर्षं सांगत राहिलं. कबुली आली ती 1990 मध्ये. त्या हत्याकांडाला 70 वर्षं झाली म्हणून हे विमान निघालं होतं. त्या आठवड्यात 'पुन्हा कातिन' हेच प्रत्येकाच्या तोंडी होतं. परक्या माणसाला अपघात दिसत होता, त्यांना सत्तर वर्षांपूर्वीची जखम दिसत होती.

पुढचा आठवडा राष्ट्रीय दुखवट्याचा. झेंड्यांना काळ्या फिती लागल्या, चौकाचौकांत काचेच्या झाकणवाल्या मेणबत्त्यांच्या रांगा. राष्ट्राध्यक्षांना वावेलच्या किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये दफन करायचं जाहीर झालं तेव्हा शहर दुभंगलं. वावेल म्हणजे राजांच्या समाध्यांची जागा. ज्या नेत्याबद्दल मतभेद आहेत त्याला तिथे का, म्हणून आर्चबिशपच्या वाड्यासमोर निदर्शनं झाली. मृतदेह अजून देशात पुरते पोचलेही नाहीत आणि हे भांडतायत, म्हणून मला तेव्हा वाईट वाटलं. पण ती माणसंही रडवेलीच होती.

त्यात आइसलंडमधल्या ज्वालामुखीची राख आली. युरोपचं आकाश बंद झालं. अंत्यसंस्कार 18 एप्रिलच्या रविवारी दुपारी, आणि शनिवारी संध्याकाळी ओबामांनी येणं रद्द केल्याची बातमी आली. पाठोपाठ बाकीच्यांची. व्हॅटिकनचे कार्डिनलही येऊ शकले नाहीत. आमच्याकडचा फोन थांबेना. पत्रकारांच्या, शिष्टमंडळांतल्या लोकांच्या खोल्या भराभर सुटत होत्या, आणि त्याच वेळी दारात वेगळीच माणसं उभी होती. गावोगावहून बसने आणि रेल्वेने आलेली, बुकिंग नसलेली, बरीचशी म्हातारी. मॅनेजरबाईंनी मालकांना फोन न करता निर्णय घेतला. सुटलेल्या खोल्या नेहमीच्या दराने द्यायच्या, त्या संपल्या की नाश्त्याचा हॉल उघडायचा, आणि चहाचे पैसे कुणाकडूनही घ्यायचे नाहीत. पलीकडची हॉटेलं त्या रात्री भाव वाढवत होती, म्हणून मला त्या बाईंचं फार मोल वाटतं.

रात्री उशिरा व्रोत्सवाफहून एक आजी आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, हातात एकच बॅग. माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "भारतात कुठले?"

मी म्हटलं, "महाराष्ट्र. मुंबईच्या दक्षिणेला, कोल्हापूर."

त्यांनी चष्मा काढला. "मी वळिवड्यात वाढले," म्हणाल्या.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आज जिथे गांधीनगरची कापडपेठ आहे, तिथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती माणसं गेल्यावर तिथे फाळणीत आलेले सिंधी लोक वसले. महावीर उद्यानातला पोलिश स्मारकस्तंभ मी कॉलेजच्या दिवसांत कितीदा पाहिला होता. पण ती माणसं कोल्हापुरापर्यंत का आली, हे मला त्या रात्री कळलं.

आजींचे वडील राखीव दलातले डॉक्टर. 1939 मध्ये पकडले गेले, कोझेल्स्कच्या सोव्हिएत छावणीत होते. तिथून त्यांची कार्डं यायची. "त्या कार्डांवर आमचा पत्ता होता," आजी म्हणाल्या. "त्याच पत्त्यावर सोव्हिएत पोलीस आले." एप्रिल 1940 च्या एका रात्री आई, सहा वर्षांच्या त्या आणि धाकटा भाऊ, तिघांना गाडीत भरून कझाकस्तानला नेलं. वडिलांना त्याच महिन्यात कातिनच्या जंगलात मारलं होतं. 1942 मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर ही तिघं इराणला निघाली, तिथून कराची आणि मग वळिवडे. छावणीत शाळा होती, चर्च होतं. गुऱ्हाळावरच्या गरम गुळाची चव त्यांना अजून आठवत होती. भाऊ तिथेच तापाने गेला.

"राष्ट्राध्यक्षांसाठी आले नाही मी," त्या म्हणाल्या. "त्या विमानात माझ्यासारखीच माणसं होती. बापाच्या थडग्यावर निघालेली."

रविवारी लष्करी विमानाने शवपेट्या आल्या. मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना झाली, मग ग्रोद्झका रस्त्याने मिरवणूक वावेलकडे निघाली. रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव आले होते आणि ते येणं लोकांना महत्त्वाचं वाटलं. किल्ल्यावरची झिग्मुन्त घंटा 1520 साली ओतलेली, ती अजून माणसंच दोर ओढून वाजवतात. ती वाजायला लागली तेव्हा मी आजींना दंडाला धरून कडेला उभा होतो. त्या रडल्या नाहीत. गर्दीत कुणी ढकललं तर वळून दरडावत होत्या.

वर्ष तिथे थांबलं नाही. मे महिन्यात व्हिस्तुला नदीला महापूर आला, उन्हाळ्यात निवडणुकीत काचिन्स्कींचे जुळे भाऊ यारोस्वाफ हरले आणि कोमोरोव्स्की निवडून आले. नोव्हेंबरात संगीतकार गुरेत्स्की गेले.

दिवाळीत सुट्टीवर आलो तेव्हा कोल्हापूरच्या पोलिश दफनभूमीत आजींच्या भावाची कबर शोधली आणि फोटो पाठवले. 26 नोव्हेंबरला रशियाच्या ड्यूमाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ठराव करून मान्य केलं की कातिनचा हुकूम स्टालिनचाच होता. संध्याकाळी आजींचा फोन आला. "ठराव झाला, आता फाइली द्या म्हणावं," एवढंच त्या त्यावर बोलल्या. मग म्हणाल्या, फोटोत आडनावाची शेवटची दोन अक्षरं शेवाळाने झाकली आहेत, ती नीट दिसायला हवीत. मी लगेच धाकट्या भावाला फोन लावला आणि रविवारी ब्रश आणि पाण्याची कळशी घेऊन जायला सांगितलं.