भाऊजींची बॅग

पंधरा वर्षांच्या पोरांच्या बॅगा मी निघण्याआधी जमिनीवर ओतायला लावते. कोरड्या मोज्यांचे दोन जोड, लोकरी टोपी, हातमोजे, पाऊसपँट, टॉर्च. जीन्स घालून आलेल्या पोराला बसमधून उतरू देत नाही, मग त्याच्या आईचा फोन आला तरी बेहत्तर. हे माझं काम आहे आणि ते मी चोख करते. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मात्र पाच जणांना घेऊन इंग्लंडमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर गेले आणि एकाचीही बॅग उघडून पाहिली नाही. कारण सगळे घरचेच होते.

मी स्टॉकपोर्टला राहते. शाळांच्या मुलांना डोंगरावर नेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यासाठी इथे ‘हिल अँड मूरलँड लीडर’ हे प्रमाणपत्र असतं. परीक्षेला बसण्याआधीच किमान ४० डोंगरफेऱ्यांची नोंदवही दाखवावी लागते. बाहेरच्यांना वाटतं की वाट दाखवणारा पुढे बघत चालतो. मी निम्मा वेळ मागे बघते. कोण गप्प झालंय, कोणाची लेस सुटलीय आणि तो ती बांधत का नाहीये, कोणी टोपी काढून ठेवलीय. नकाशा वर्षभरात शिकता येतो, हे बघणं शिकायला मला पाच वर्षं लागली.

मूर म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. आपला सडा असतो ना, तसाच उघडा माळ, तसाच अंगावर येणारा वारा. फक्त कातळाच्या जागी पीट. हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेली वनस्पती, काळी, लोण्यासारखी मऊ, पाण्याने तुडुंब. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि किंडरच्या माथ्यावर काही ठिकाणी पुरुषभर खोल आहे. पावसाने तिच्यात घळी पडतात, त्यांना इथे ‘ग्रफ’ म्हणतात. वरून सपाट दिसणाऱ्या माळावर शंभर पावलांत सात-आठ ग्रफ उतरायचे आणि चढायचे. आत उतरलं की फक्त काळ्या भिंती आणि डोक्यावर आभाळाची एक पट्टी.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र. मी त्यांना अहो-जाहो करते, ते मला वहिनी म्हणतात. सह्याद्रीतले शंभरावर किल्ले त्यांनी पायाखाली घातलेत, तेही भर पावसाळ्यात. सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन मँचेस्टरला आले, आणि इथले पांढरे डोंगरी ससे बघायचे म्हणून मोठी लेन्स घेऊन आले होते. या सशांची हिवाळ्यात कात टाकल्यासारखी फर बदलते. इंग्लंडमध्ये ते राहिलेत ते याच भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. भाऊजी, त्यांची बायको (मीही त्यांना वहिनीच म्हणते), लीड्सहून आलेलं एक जोडपं आणि आम्ही दोघं, असे सहा जण एडेल स्टेशनवर उतरलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. तापमान तीन अंश, भुरभुर पाऊस, ढग खाली उतरलेले.

“६३६ मीटर!” भाऊजी नकाशावरचा आकडा बघून म्हणाले. “वहिनी, आपला सिंहगड याच्या दुप्पट आहे.”

हे वाक्य मी भारतातून आलेल्या प्रत्येक गिर्यारोहकाकडून ऐकते आणि दर वेळी उत्तर द्यायचं टाळते. आकडा खराच आहे. पण सिंहगडावर भिजलेला सुती टीशर्ट अंगाला गार लागतो तेव्हा बरं वाटतं. इथे, ५३ अक्षांशावर, तीन अंशांत आणि वाऱ्यात, तोच टीशर्ट अंगातली ऊब शोषून घेतो. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. उणे दहाच्या कोरड्या बर्फाला मी तेवढी भीत नाही, जेवढी तीन अंशांच्या पावसाला भिते. पोरांना हे मी फळ्यावर काढून सांगते. भाऊजींना सांगितलं नाही. शंभर किल्ले चढलेल्या माणसाला “जॅकेटच्या आत काय घातलंय?” असं कसं विचारायचं?

आत सुती बनियन होतं. ते मला पाच तासांनी कळलं.

सकाळ झकास गेली. जेकब्स लॅडरचा दगडी जिना भाऊजी सगळ्यांच्या आधी चढले, आणि घामाने निथळले. वर वाटेत मोठमोठ्या फरश्या लागतात. पेनाईन वे या लांबलचक पायवाटेवर अशा फरश्या ठिकठिकाणी टाकल्यात, आणि त्यातल्या कितीतरी लँकेशायरच्या पाडलेल्या कापड गिरण्यांमधल्या आहेत. मी हे सांगताच भाऊजी खाली बसले, एका फरशीतल्या भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “इथे यंत्र ठोकलेलं असणार.” त्यांचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. मग सगळ्या वाटेवर त्यांचं बोलणं चालू. २४ एप्रिल १९३२ ला याच डोंगरावर शेकडो कामगार जमीनमालकांची बंदी मोडून चढले, पाच जण तुरुंगात गेले, ही कथा त्यांनी लीड्सच्या जोडप्याला माझ्यापेक्षा चांगली सांगितली. एवढं बोलणारा माणूस पुढच्या दोन तासांत गप्प झाला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला अजून छळतंय.

माझा नियम असा: हिवाळ्यात किंडर डाउनफॉलला साडेबाराच्या आत पोचलो तरच माथा आडवा ओलांडायचा, नाहीतर आल्या वाटेने परत. जानेवारीत इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. आम्ही पोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. डाउनफॉल हा तीसेक मीटरचा धबधबा. पश्चिमेचा वारा असला की त्याचं पाणी उलटं वर उडतं. सगळे त्याच्यासोबत फोटो काढत होते. मी म्हटलं, इथून मागे फिरू.

“आल्या वाटेने?” भाऊजींचा आवाज चढला. “एवढ्या लांब येऊन? मग कशाला आणलंत आम्हाला?”

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. परका माणूस असता तर मी सांगितलं असतं की निर्णय झालाय, चला. शाळेचा पोरगा असता तर बोललेही नसते, फक्त वळले असते. पण भाऊजी होते, चिडले होते, आणि बाकीचे चौघे पायाकडे बघत उभे होते. म्हटलं, बरं, पण झपाझप चालायचं.

ते माझं चुकलं. त्यानंतरचं काम मात्र मी नीट केलं. ढगात तीस पावलांपलीकडे दिसत नव्हतं. किंडर नदीच्या काठाने वर जायचं, किंडर गेट्स नावाचे दोन खडक ओलांडायचे, आणि नदी फुटून तिचे ओघळ झाले की काठ सोडून होकायंत्रावर दक्षिण धरायची. नेमकी तिथे माणसं हरवतात, कारण प्रत्येक ग्रफ तुम्हाला आपल्या दिशेने ओढतो. कोरड्या वाटेवर माझी १०० मीटरला ६४ दुहेरी पावलं होतात, पीटमध्ये तीच ८० होतात. ग्रफमध्ये उतरताना मोजणी थांबवायची, पलीकडे चढून त्याच रेषेत उभं राहायचं, पुन्हा मोजायला लागायचं. लीड्सच्या दादांनी फोनवरचा नकाशा काढला. थंडीने बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद झाली. निव्वळ फोनवर विसंबून माथ्यावर येणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांना शोधायला भर रात्री कोणीतरी अंथरुणातून उठतं.

तिसऱ्या की चौथ्या ग्रफमध्ये भाऊजींचा पाय मांडीपर्यंत गेला. दोघांनी काठ्या देऊन ओढून काढलं. सह्याद्रीत असं झालं असतं तर त्यांनी आरोळी ठोकली असती. इथे काही बोलले नाहीत. जरा पुढे वहिनी ओरडल्या, “अहो, ससा! ससा बघा!” काळ्या पीटवर पांढराशुभ्र ससा, वीस पावलांवर, कान टवकारून. बर्फ नव्हता, त्यामुळे लपायला त्याला जागाच नव्हती. भाऊजींनी मान वर केली नाही.

मला वाटलं, रुसलेत. डाउनफॉलवरचं मनात ठेवलंय. म्हणून मी त्यांना त्यांच्या वेळेवर सोडलं आणि मोजणीत डोकं घातलं.

दोन वाजता मी सगळ्यांना तिळाची वडी दिली. पाच मिनिटांनी मागे वळून बघितलं तर वडी भाऊजींच्या हातमोज्याला तशीच चिकटलेली, आख्खी.

“भाऊजी, वडी खा.”

“खाल्ली,” ते म्हणाले. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर जीभ जशी जड होते तशी.

त्या एका शब्दाने माझ्या पोटात खड्डा पडला. अंगातली ऊब धोक्याइतकी घटली (हायपोथर्मिया) हे ओळखण्यासाठी इंग्रजीत एक पाठच आहे, अडखळणं, पुटपुटणं, बोटं न चालणं, कुरकुरणं. मी तो दर महिन्याला पोरांकडून म्हणून घेते.

माझ्याकडे नेहमी आठ जणांचा ग्रुप शेल्टर असतो. नायलॉनची भगवी पिशवी, तळ नसलेली. सगळ्यांनी गोल उभं राहून ती डोक्यावरून ओढायची आणि कडेवर बसायचं, बस्स. अर्धा किलोच्या आसपास वजन, पण डोंगरावर मी दुसरं काहीही घरी विसरेन, हे विसरणार नाही. आत गेल्या क्षणी वारा तुटतो. सहा माणसांच्या श्वासाने पाच मिनिटांत चष्म्यांवर वाफ धरते. भगव्या उजेडात भाऊजींचे ओठ राखाडी दिसत होते. आता मी अहो-जाहो विसरले नाही, पण विचारणंही सोडून दिलं. बॅग उघडली: कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, पाण्याची बाटली. कोरडा कपडा एकही नाही. ओली जीन्स आणि बनियन काढलं, माझा जास्तीचा लोकरी थर, नवऱ्याची पँट, खाली दोन बसायच्या चटया, आजूबाजूला दोन्ही बाजूंनी माणसं. वहिनी त्यांचे तळहात चोळायला लागल्या. कुठलीही आपली बाई तेच करेल, पण मी त्यांना थांबवलं. गार रक्त हातापायांतून घाईने आत ढकलायचं नसतं. लीड्सच्या दादांनी खिशातून ब्रँडी काढली, तीही परत ठेवायला लावली. ब्रँडीने गरम वाटतं, कारण उरलीसुरली ऊब कातडीवर येऊन उडून जाते. थर्मासमधला गोड चहा घोट घोट दिला, मग वडी, मग दुसरी.

दहा मिनिटांनी भाऊजी थडथडा कापायला लागले. वहिनी घाबरून रडल्या. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. अंग कापतंय म्हणजे ते अजून लढतंय.

तीन वाजता निघालो. क्राउडन टॉवरपाशी माथ्याची कड लागते, तिथे फोनला रेंज आली. ९९९ लावून पोलीस मागितले, त्यांच्याकडून माउंटन रेस्क्यू. वहिनींनी हळूच विचारलं, “किती पैसे घेतील?” एक पैसा घेत नाहीत. ती सगळी नोकरी-धंदा सांभाळून फुकट येणारी माणसं आहेत, आणि खर्चाच्या आणि लाजेच्या भीतीने आपले लोक त्यांना फोन करत नाहीत हे फार वाईट आहे. पलीकडच्या बाईने पाच प्रश्न विचारले. नाव सांगतोय का, सरळ चालतोय का, कापतोय का, कोरडा आहे का, तुम्ही नेमक्या कुठे आहात. मग म्हणाली, चालत राहा, खाली पोचलात की कळवा, पाचपर्यंत फोन आला नाही तर आम्ही निघतो. ग्रिंड्सलो नॉलवरून उतरताना टॉर्च लावले. एडेलचे दिवे दिसले तेव्हा पाचला आठ मिनिटं होती. मी तिथूनच फोन केला.

सोमवारी भाऊजींचा फोन आला. आवाज नेहमीचा, ठणठणीत. त्यांना फरश्या आठवत होत्या, भोकावरून फिरवलेलं बोट आठवत होतं, तिळाची वडी नव्हती आठवत, ससाही नव्हता. मी म्हटलं, डाउनफॉलला तुम्ही माझ्यावर चिडलात ते?

“मी? तुमच्यावर? वहिनी, काहीतरीच काय!”

ते खोटं बोलत नव्हते. मी दिवसभर मिनिटं उलटी मोजत बसले. जिना चढताना घाम, मग तासभर कडेवरचा वारा, आत ओलं सुती. चिखलात पाय जाण्याच्या तासभर आधीच ते गारठायला लागले होते का? मग त्या धबधब्यापाशी माझ्याशी वाद घालत होतं ते कोण? मी भिडेखातर कोणाचं ऐकलं?

रात्री वहिनींनी फोटो पाठवले. डाउनफॉलच्या फोटोवर १२:५१ ही वेळ आहे. पाणी उलटं उडतंय, लीड्सची मंडळी हसतायत. भाऊजी उजवीकडे उभे आहेत, डोक्यावर टोपी नाही, जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडी, हातमोजे मनगटाला लोंबतायत. दोन हातांवर मी आहे, पाठमोरी, घड्याळ बघतेय.