कमानीपासून जोड टायरपर्यंत – आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप मूळचं ठाण्यातलं, वागळे इस्टेटमधलं. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम फक्त कमानीचं (गाडीचं वजन झेलणारी पोलादी पाट्यांची स्प्रिंग), म्हणजे तुटलेला पाटा बदलायचा, बसलेल्या कमानीला परत बाक द्यायचा, यू बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश, शॅकल, एवढंच. पुढे वागळेतल्या कितीतरी कंपन्या बंद झाल्या, तिथे ऑफिसं आणि टॉवर आले, लोड गाड्यांचं गिऱ्हाईक खाडीपलीकडे सरकलं, मग आम्हीही रबाळ्याला गाळा घेतला. महापे, शिळफाटा, तळोजा, कळंबोलीचं स्टील मार्केट सगळं हाताशी, आणि या पट्ट्यात पावसाळा संपला की मागच्या एक्सलचं काम नाही असा आठवडा जात नाही.

जोड टायरचं काम, म्हणजे मागे प्रत्येक बाजूला दोन टायर लावायचं, मागणीमुळेच आलं. जुनी पिकअप, मागे दोनच टायर, आणि मालक म्हणणार याला मागे चार टायर बसवून द्या ना, माल जास्त बसेल. बाबा प्रत्येकाला चहा पाजून एकच गोष्ट समजावायचे आणि आजही आम्ही तेच करतो. टायरच्या अंगावर ११८/११६ असे दोन आकडे असतात बघा, पहिला एकट्या टायरचा, दुसरा जोडीतल्या टायरचा. ११८ म्हणजे १३२० किलो आणि ११६ म्हणजे १२५० किलो. जोडीतला टायर कमी का घेतो, तर दोघांमध्ये हवा खेळत नाही, टायर तापतो, आणि रस्ता कधी सपाट नसतो त्यामुळे वजन दोघांवर सारखं पडत नाही. आता मागे दोन टायर धरले तर २६४० आणि चार धरले तर ५००० किलो, आणि हा ५००० ऐकला की मालक लगेच म्हणतो मग करूनच टाका. पण ही टायरची ताकद झाली, गाडीची नाही, एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चासी तीच, आणि गाडी किती वजन उचलणार ते यांच्यातलं सगळ्यात कमजोर जे असेल ते ठरवतं.

आणि स्पष्ट सांगतो, रोडवर चालणाऱ्या नंबरच्या गाडीला आम्ही हे काम करत नाही, एमएच ०४ असो नाहीतर एमएच ४३. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं, अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला बोट याच बदलावर ठेवणार. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली तेव्हा पण बरेच जण आले होते की आता चालतंय ना, तर नाही, ती मर्यादा जास्तीत जास्त आहे, तुमच्या गाडीला कंपनीने जे वजन दिलंय ते आपोआप वाढत नाही. ज्याला रोडवर जास्त माल न्यायचाय त्याला आम्ही सरळ सांगतो की जुनी टाटा ४०७ बघा, ती कंपनीतूनच मागे जोड टायर घेऊन येते, आमच्याकडे आणा, हाउसिंग (मागच्या एक्सलचं बाहेरचं कवच, त्याच्या आत शाफ्ट फिरतो) आणि कमानी तपासून देतो.

मग आम्ही हे काम करतो कोणासाठी? कंपनीच्या आवारातच फिरणाऱ्या गाड्यांसाठी. फक्त फॅक्टरीत किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास गाडी कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही, आणि तळोजा, पावणे, रबाळे एमआयडीसीत अशी गरज भरपूर आहे, शेडमधून शेडमध्ये डाय न्यायच्या, स्क्रॅप न्यायचं, यार्डात बंडल हलवायचे. रोडवरून उतरवलेली जुनी पिकअप त्यांना स्वस्तात पडते आणि इंजिनात अजून दम असतो. गाडी गेटबाहेर काढणार नाही, समोरच्या प्लॉटवर जायला रस्ता क्रॉस करायलासुद्धा नाही, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नाही.

आता काम. बाजारात अडॅप्टर मिळतात, जुन्याच हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, जाड प्लेट बोल्ट करायची आणि त्यावर दोन डिस्क, म्हणजे चाकाच्या रिंग, चढवायच्या, अर्ध्या दिवसात गाडी तयार. आम्ही ते लावत नाही. बऱ्याच छोट्या पिकअपचा एक्सल सेमी फ्लोटिंग असतो, म्हणजे चाक फिरवायचं काम पण शाफ्टच करतो आणि वजन पण शाफ्टच पेलतो, त्यात अडॅप्टरने चाक बाहेर ढकललं की बेअरिंगवर ताण वाढतो, आणि शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. फुल फ्लोटिंगमध्ये हब दोन बेअरिंगवर हाउसिंगवरच बसतो, वजन हाउसिंग घेतं, शाफ्ट फक्त फिरवतो. म्हणून आम्ही अख्खं हाउसिंगच बदलतो, जोड टायरच्या गाडीचं, फुल फ्लोटिंग, ड्रमसकट.

खरी कसरत इथून सुरू. कमानीचे सॅडल, म्हणजे कमान टेकते त्या बैठकी, नवीन हाउसिंगवर गाडीच्या मापाने बसवायचे, वेल्डिंग थोडं थोडं, थंड होऊ देत, नाहीतर हाउसिंग वाकतं आणि मग टायर एका बाजूने खातात. पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचा, अँगल बघायचा, चुकला तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस टिकत नाहीत. प्रोपेलर शाफ्टची लांबी कमीजास्त करून बॅलन्सिंग करून आणायचा. मागचे ड्रम मोठे झाले की व्हील सिलिंडरला तेल जास्त लागतं, त्याला तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर ब्रेकचं पॅडल खोल जातं, म्हणून तो पण जुळवून घ्यायचा, आणि पुढचा-मागचा ब्रेक सारखा लागतोय की नाही हे लोड टाकून आणि रिकाम्या गाडीवर दोन्ही वेळा बघायचं. हौदा चाकांच्या वर असेल तर ठीक, नाहीतर चाकाची जागा कापून रुंद करायची आणि मडगार्ड नवीन. यातलं पॅडलचं काम मी स्वतः बघतो, इतर सगळं आमचे मिस्त्री माझ्यापेक्षा चांगलं करतात, त्यातले दोघं तर बाबांच्या हाताखाली तयार झालेत.

गाडी देताना ड्रायव्हरला बसवून सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्याच हातात आहे. जोडीतले दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, या साइजला व्यासात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळं वजन घेतो आणि छोटा नुसता घासत जातो. आतल्या टायरची हवा रोज बघायची, व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन आम्ही लावूनच देतो, कारण हात पोचत नाही म्हणून आतला टायर बघितलाच जात नाही आणि तो बसला की बाहेरच्याचा पण जीव जातो. दोन टायरमध्ये अडकलेला दगड दिसला की लगेच टॉमीने (लोखंडी दांड्याने) काढायचा. व्हील नट पहिल्या दिवशी संध्याकाळी आणि आठवड्याने परत टाइट करायचे, यू बोल्टचंही तेच. आणि पावसात रिकामी गाडी असेल तर हळू, वजन चार टायरवर वाटलं गेल्यामुळे प्रत्येक टायर जमिनीला कमी दाबतो, ओल्या काँक्रीटवर मागची बाजू पटकन सरकते.

हल्ली गाडी घ्यायच्या आधी आम्ही आवार बघायला जातो. माल काय, एका फेरीला किती, जमीन काँक्रीटची की मुरुमाची, वजनकाट्याजवळ उतार किती, गाडी वळायला जागा आहे का, कारण जोड टायरची गाडी मागून रुंद होते आणि जुन्या शेडच्या दारात अडकते. दोन-तीन ठिकाणी बघितल्यावर सांगितलं की तुम्हाला हे नकोच, कमानीला एक पाटा वाढवा आणि चांगले टायर टाका, तेवढ्यात भागेल. त्या कंपन्या आज कमानीच्या कामाला आमच्याकडेच येतात.