हॅमस्टरचं घर: आधी तळ मोजा, रंग नंतर बघा

पेट शॉपमध्ये हॅमस्टरसोबत जो रंगीत पिंजरा गळ्यात मारतात, तो जेमतेम दीड फूट लांब असतो. दोन मजले, एक नळकांडं आणि तळहाताएवढं चाक. दिसायला गोंडस, पण हॅमस्टरच्या कामाचं त्यात फार काही नाही. हा प्राणी मुळात बिळं खणून राहणारा आणि रात्री लांबवर भटकणारा. नजर अधू, त्यामुळे वरच्या मजल्यावरून सरळ खाली पडतो. त्याला उंची नको. मोकळा तळ हवा आणि खणायला खोल थर हवा.

तळ किमान १०० बाय ५० सेंटिमीटर, तोही सलग. मजल्यांची बेरीज यात धरायची नाही. मोठ्या सिरियन जातीचा हॅमस्टर असो की बोटभर रोबोरोव्हस्की जातीचा, माप तेच. आणि एका घरात एकच. दुकानदार ‘जोडीच न्या, करमत नाही’ म्हणतो, ते ऐकू नका. सिरियन मोठे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात, आणि नर-मादी असतील तर १६ दिवसांत पिल्लं होतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माशांची टाकी. चार बाय दीड बाय दीड फुटांची करून घ्या; रुंदी पन्नासला जराशी कमी पडते, पण लांबीमुळे एकूण तळ जास्तच मिळतो. गळकी जुनी मिळाली तर उत्तमच. आपल्याला पाणी थोडंच भरायचंय? ६ मिलिमीटर काचेच्या अशा टाकीचं नुसतं वजन ३० किलोच्या आसपास जातं, म्हणून टेबल आधी तपासा. प्लायचा पिंजरा सुताराकडून करून घेणार असाल तर आतले सांधे सिलिकॉनने भरा, नाहीतर लघवी प्लायमध्ये मुरते आणि तो वास कायमचा बसतो. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत सोडायचा नाही. पुण्यात तुळशीबागेत मिळणारे मोठे प्लास्टिकचे डबे मीटरभर लांब क्वचितच असतात.

झाकण जाळीचंच हवं. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात वेल्ड मेश, म्हणजे वेल्डिंगची तारेची जाळी मागा, भोक ६ मिलिमीटरचं. अर्धा इंची जाळीतून छोट्या जातीचं पिल्लू निसटतं, आणि डासांची नायलॉनची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून वर लाकडी पट्टी ठोका.

आता बेडिंग, म्हणजे तळावर अंथरायचा, खणायचा थर. इथे बहुतेक जण हात आखडता घेतात. १०० बाय ५० च्या तळावर २० सेंटिमीटरचा थर द्यायचा तर १०० लिटर माल लागतो. दोन छोट्या पुड्यांनी तळसुद्धा झाकत नाही. एका बाजूला ३० सेंटिमीटर, दुसरीकडे १० ते १५ असा उतार ठेवा. कागदी बेडिंगमध्ये मधेमधे वाळलेलं गवत घालून हाताने दाबत जा, म्हणजे बोगदा ढासळत नाही. टिंबर मार्केटमधला फुकटचा भुसा नको: त्यात धूळ असते, प्लायचा डिंक असतो, आणि देवदार-पाइनच्या तेलकट वासाने श्वासाचा त्रास होतो. घरट्यासाठी कापूसही नको. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं. बिनवासाचा साधा टिश्यू फाडून टाका, तो स्वतःच ओढून नेतो.

जड वस्तू कधीही बेडिंगवर ठेवू नका. खालून बोगदा खणला गेला की मडकं खचतं आणि बोगद्यातला प्राणी चिरडला जातो. चाक, मातीचं भांडं, वाळूचा ट्रे हे सगळं थेट तळावर टेकलेल्या लाकडी पायांच्या फळीवर.

चाक सिरियनला २८ सेंटिमीटर, छोट्या जातींना २० चालतं. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. कमानीसारखी वाकत असेल तर चाक लहान आहे. पृष्ठभाग सलग हवा, तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो. लपायच्या खोक्याचं दार सिरियनसाठी ७ सेंटिमीटर ठेवा, कारण गाल भरून आल्यावर तो चांगलाच रुंद होतो. करवंटी छान, पण छोट्या जातींनाच पुरते.

वाळूचा ट्रे चैनीचा नाही. हॅमस्टर अंग स्वच्छ करतो तो वाळूत लोळून. बांधकामाची क्रश सँड टोचरी आणि धुळीची. बारीक नदीची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, लोखंडी कढईत कोरडी भाजा, पूर्ण गार करा, तीन-चार सेंटिमीटर भरा. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते, रोज बोटाने दाबून थेंब येतो का ते बघा.

पुण्यात खरी परीक्षा एप्रिल-मेची. स्लॅबखालच्या खोलीत पारा तिशीच्या वर गेला की हॅमस्टर आडवा पडतो. पिंजरा सगळ्यात थंड खोलीत, खिडकीच्या उन्हापासून लांब हलवा. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, आणि गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर बाहेरून. डिसेंबर-जानेवारीत उलटं: पहाटेच्या गारठ्यात तो थंडगार, निपचित सापडला तर मेला असं लगेच धरू नका. थंडीने गुंगीत गेलेला असू शकतो. हातात धरून हळूहळू ऊब द्या, आणि डॉक्टरांना फोन करा. पावसाळ्यात बुरशी बघायची. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू आणि डासांची कॉइल त्या खोलीत नको. ढोल-ताशा किंवा फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत.

आणल्या दिवशी दुकानातलं मूठभर जुनं बेडिंग मागून घ्या आणि नव्यात मिसळा. तीन-चार दिवस फक्त खाणं-पाणी; हात लावायचा नाही. पुढे सफाई करताना लघवीचा कोपरा एक-दोन दिवसांनी उपसा, पण पूर्ण पिंजरा एकदम धुऊ नका. आपलाच वास गेला की तो बावरतो आणि जाळी चावत बसतो. महिन्याकाठी एक तृतीयांश बेडिंग बदला, आणि साठवलेले कोरडे दाणे तिथेच राहू द्या. काकडीचा तुकडा मात्र दुसऱ्या दिवशी काढायचाच.