झिजलेला वेताळ

माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर इंद्रजाल कॉमिक्सचे १०७ अंक आहेत, आणि त्यातला एकही धड नाही. कुणाचं मुखपृष्ठ गेलंय, कुणाच्या पिना गंजून मधल्या पानावर तांबडे डाग पडलेत. एक अंक तर कुठल्याशा वाचनालयाने दाभणाने असा शिवलाय, की वेताळ डावीकडे धावला की शिलाईतच गडप होतो.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने हे अंक सुरू केले, १९९० मध्ये ते थांबले. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. सगळे मिळून आठशेवर. अमेरिकी लेखक ली फॉकचा मुखवटेधारी नायक फँटम मराठीत वेताळ झाला. त्याच्या मुलखाचं बंगालची आठवण देणारं मूळ नाव इथे कुणाला टोचू नये म्हणून 'डेंकाली' करण्यात आलं आणि सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. भावना दुखावण्याची धास्ती तेव्हाही होतीच.

आमच्या आजीच्या भावना मात्र दुखावल्याच. ती वेंगुर्ल्याकडची. मुखपृष्ठ पाहून म्हणाली, "हो खयचो वेताळ रे? बूट घालून फिरता?" तिचा वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा. त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. झिजल्या म्हणजे पावल्या.

संग्राहकांचं नेमकं उलट. पहिला प्रश्न, "पिना मूळच्या आहेत ना?" दुसरा, "मागचं पान?" सुरुवातीच्या अंकांच्या मागच्या पानावर पोस्टरसारखं चित्र असे. ते कापून भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवायचंच असतं, हे प्रत्येक पोराला न सांगता कळायचं. त्यात कागद हलका, पावसाळे चार-चार महिन्यांचे आणि दर दिवाळीला माळा आवरणारी आई. दुर्मीळ होणार नाहीत तर काय! पूर्वी रद्दीवाला हे अंक किलोवर द्यायचा. आता आधी मोबाइलवर भाव बघतो, मग माझ्या तोंडाकडे.

एका मित्राकडे त्या पहिल्या वर्षांतला कोरा करकरीत अंक आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, "गोष्ट कशी आहे?" म्हणाला, "उघडला तर कणा मोडेल." मी नुसता लांबून नमस्कार केला.

मला आपले फिरून आलेले अंक आवडतात. (परवडतातही तेच, हे लपवण्यात अर्थ नाही.) गेल्या महिन्यात एका गठ्ठ्यात चार अंक मिळाले, चारही एकाच पोराचे. निळ्या बॉलपेनने जादूगार मँड्रेकला चष्मा काढलेला, आणि प्रत्येक गोष्टीखाली मार्क. आबिद सुरतींचा देशी नायक बहादूर, त्याच्या दोन्ही अंकांत १० पैकी १०. मँड्रेकला ७. वेताळाला चक्क ४, आणि पुढे शेरा: 'मारामारी कमी. पुढच्या वेळी बघू.'

आता रविवारी फुटपाथवर उकिडवा बसून गठ्ठे उपसतो, तेव्हा अंक क्रमांक पाहतच नाही. थेट शेवटचं पान उलटतो. पुढच्या वेळी वेताळाला किती मार्क पडले, तेवढं बघायचंय.